अर्ध्या रुमालांची पेटी

आमच्या वरूडच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिला एके काळी निळा रंग होता. आता कडीच्या आसपास तेवढा तो उरला आहे. पाहुणे आले की मी ती पेटी खाली काढीत नाही. कोणी चुकून विचारलेच, तर "जुने दोरे आहेत," असे सांगून विषय बदलते. हे उत्तर खोटे नाही, परंतु पुरते खरेही नाही. त्या पेटीत माझी अर्धी राहिलेली कामे आहेत.

क्रोशाचे विणकाम मी शिकले ते १९६८ सालच्या उन्हाळ्यात. तेव्हा मी बारा वर्षांची होते. वऱ्हाडातला उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला दुपार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सकाळी दहाच्या पुढे रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नसे. चुडामणी नदीचे पात्र पांढरे पडलेले असे आणि पलीकडे सातपुड्याच्या रांगा धुरकट दिसत. दारांना ओले पडदे लावून सारे घर अंधारात पडून राही. अशा वेळी मुलांनी गप्प बसावे म्हणून घरोघरी नाना युक्त्या करीत. माझ्या आजीची युक्ती म्हणजे एक पोलादी सुई आणि वीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा.

क्रोशाच्या सुईला नाक नसते, टोकाशी एक बारीक आकडा असतो. फ्रेंच भाषेत 'क्रोशे' या शब्दाचा अर्थच मुळी लहान आकडा असा आहे. त्या आकड्याने दोऱ्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घ्यावयाचा, एवढीच या विद्येची मूळ कृती. फासामागून फास ओढला की साखळी होते. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन टाका घातला की खांब उभा राहतो, आणि वेढा न घेता घातला की मुका खांब होतो. साखळी, खांब आणि मुका खांब एवढ्या भांडवलावर बायका मोर, कमळे, जाळ्या आणि द्राक्षांचे घोस विणतात, हे पाहून मला तेव्हा फार नवल वाटे. आजही ते ओसरलेले नाही.

दोऱ्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. आमचा मुलूख कापसाचा. परदेशच्या बाजारात वऱ्हाडातल्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'उमरा' म्हणत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, तेव्हा या कापसाला सोन्याचा भाव आला होता. परंतु त्याचा धागा आखूड. क्रोशाचा बारीक, पिळदार दोरा लांब धाग्याच्या कापसापासून होतो. तेव्हा आम्ही कापसाच्या राशींशेजारी बसून दुसऱ्याच मुलखातल्या कापसाचा दोरा विणीत होतो. त्या दोऱ्याला रेशमासारखी चकाकी असे. सुतावर दाहक सोड्याची प्रक्रिया करण्याचा शोध जॉन मर्सर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८४४ साली लावला, आणि पुढे ते सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली असता त्याला झळाळी येते असे दिसून आले. आजीला मर्सर ठाऊक नव्हता. ती गुंडा गालाला लावून पाही आणि दोरा चांगला की वाईट ते सांगे.

क्रोशाच्या कामात एक मोठा मोह दडलेला आहे. लोकरीचे विणकाम दोन सुयांवर चालते; त्यात शेकडो टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. ते काम सोडून दुसरे घ्यावयाचे म्हटले, तर सुया त्यातच अडकून पडतात. क्रोशात तसे नाही. येथे कितीही मोठे काम असो, जिवंत फास एकच असतो. त्या फासात एक सेफ्टी पिन अडकवली की सुई मोकळी होते आणि मन लगेच नव्या कामाकडे धावते. माझ्यासारख्या चंचल मुलीच्या हाती ही सोय पडावयास नको होती!

प्रथम मी दारासाठी तोरण आरंभिले. त्याची तीन पाने झाली, तोच आत्या बाळंतपणासाठी माहेरी आली. म्हणून तोरणाला पिन लावून मी बाळाचे टोपडे घेतले. टोपड्याचा माथा पुरा होतो न होतो, तोच बाबांनी रेडिओ आणला. शेजारच्या घरी रेडिओवर जाळीचे झाकण होते. आमचा रेडिओ उघडा कसा राहील? टोपड्याला पिन लागली. जूनमध्ये शाळा उघडली आणि हस्तकलेच्या प्रदर्शनाची वार्ता आली. तेव्हा झाकणालाही पिन लावून मी एका गळपट्टीला हात घातला. प्रत्येक नवे काम सुरू करताना मला असे वाटे की, आपण किती उद्योगी आहोत! घरात जिकडे तिकडे माझे गुंडे लोळत असत आणि आल्यागेल्याला आई कौतुकाने सांगे, "हिच्या हाताला क्षणाची उसंत नाही." ते खरेच होते. हात चालू होते, पण काम संपत नव्हते.

बाबांच्या मात्र हे ध्यानात आले होते. वरूडची माणसे संत्र्यावर जगतात आणि बोलताना उपमाही संत्र्याचीच देतात. संत्र्याच्या झाडाला वर्षातून दोन वेळा बहार धरता येतो. थंडी सरताना फुलतो तो आंबिया आणि पाऊस पडल्यावर फुलतो तो मृग. ज्याला जो बहार हवा, तो त्याप्रमाणे झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतो, आणि मग पाणी मिळताच झाड फुलांनी भरून जाते. एक वर्ष बाबांनी लोभाने दोन्ही बहार राखले होते. आंबियाची फळे लटकलेली असतानाच मृगाची फुले ठरली. दोन्ही फळे बारीक राहिली, आणि पुढल्या साली फांद्याफांद्यांवर सल दिसू लागली. ती वाळलेली काटकी काढता काढता गड्यांचे हात सोलून निघाले. माझे चार गुंडे पाहून बाबा एवढेच म्हणाले, "पोरी, एका झाडावर किती बहार घेतेस?" मी हसले. बापाचे विनोद मुलींना हसण्यासाठीच असतात, अशी माझी तेव्हा समजूत होती.

याच सुमारास आजीने आपला रुमाल माझ्या स्वाधीन केला.

हा रुमाल ती महालक्ष्म्यांसाठी विणीत होती. वऱ्हाडात भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचा सण म्हणजे घरातला सर्वांत मोठा सण. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या असा नैवेद्य मोठ्या परातीत मांडतात. त्या परातीवर घालण्यासाठी आजीने चाळीस वेढ्यांचा, भरीव विणीचा गोल रुमाल काढला होता. त्याचे वीस वेढे झाले आणि तिची दृष्टी मंदावली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्या काळी मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रिया करीत नसत. तोवर माणसाने अंधूक जगात चाचपडत बसावे. पांढऱ्या दोऱ्यातले पांढरे टाके तिला दिसेनासे झाले. तिने रुमाल घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "निम्मा झाला वं माय. आता तुहे डोळे अन् तुहे हात. महालक्ष्म्यायले झाला पायजे."

"होईल की आजी!" मी म्हटले, आणि रुमालाला पिन लावून तो पेटीत ठेवला. निम्मे तर काम उरले आहे, तीन महिने हाती आहेत, घाई कसली?

ते निम्मे नव्हते, हे मला पुढे उमगले. तुम्हीही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहा. गोल रुमाल सपाट राहावा म्हणून प्रत्येक वेढ्यात बारा खांब वाढवावे लागतात. पहिल्या वेढ्यात १२ खांब, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ३६, आणि असे करीत चाळिसाव्या वेढ्यात ४८०. पहिल्या वीस वेढ्यांतले सारे खांब मिळविले तर ते २,५२० होतात. चाळीस वेढ्यांचे मिळून होतात ९,८४०. म्हणजे मध्यापासून काठापर्यंतची अर्धी वाट चालून झाली, तेव्हा काम जेमतेम चौथा हिस्सा झालेले असते! गोल कामे अर्ध्यावर पडतात त्याचे मर्म येथे आहे. आरंभीचे वेढे चुटकीसरशी होतात, रुमाल पाहता पाहता वाढतो; पुढे तासन् तास विणले तरी तो बोटभरही पुढे सरकत नाही, आणि कंटाळलेले मन दुसऱ्या रुमालाचा मध्य आरंभिते.

मी मिनिटाला दहा खांब घालीत असे. त्या हिशेबाने उरलेले ७,३२० खांब म्हणजे बारा तासांहून थोडे अधिक काम. रोज एक तास बसले असते तर पंधरवड्याच्या आत रुमाल झाला असता. मी जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने गळपट्टी, तोरण आणि झाकण यांच्यात येरझाऱ्या घातल्या. आत्याचे बाळ श्रावणात आले. त्याला टोपडे मिळाले नाही. पुढे ते टोपडे पुरे झाले तेव्हा बाळाचे डोके त्यात मावेना. आत्याने ते पाण्याच्या पितळी लोट्यावर घालून पाहिले आणि ते तेथे अगदी बेताचे बसले. सारे घर हसले. मीही हसले, आणि माडीवर जाऊन रडले.

भाद्रपद उजाडला. महालक्ष्म्यांना आठ दिवस उरले असता मी घाबरून आजीचा रुमाल बाहेर काढला. आठ दिवसांत, शाळा सांभाळून, सात हजार खांब! तेव्हा मला एक कुटिल युक्ती सुचली. वाढवायचे टाके गाळले, तर वेढे लहान राहतील आणि लवकर पुरे होतील. मी दर वेढ्याला २४० खांबच ठेवले आणि असे पाच वेढे दडपून दिले. आजीला कुठे दिसणार आहे?

तिसऱ्या दिवशी आजीने रुमाल मागितला. तिने तो जमिनीवर पसरला आणि त्यावरून तळहात फिरविला. मधून काठाकडे जाताना हात एके ठिकाणी अडला. रुमालाची कड उचलली गेली होती. तो रुमाल राहिला नव्हता, पसरट वाडगा होऊ लागला होता. खांब कमी पडले की विणकाम वाटीसारखे वळते, आणि जास्त झाले की काठाला चुण्या पडतात, हा नियम डोळ्यांपेक्षा हाताला अधिक लवकर कळतो. आजीने ती जागा दोनदा चाचपली. मग तिने सेफ्टी पिन काढली आणि दोरा ओढावयास आरंभ केला. बाराशे खांब, माझे दोन तासांचे काम, दोन-तीन मिनिटांत उसवले गेले. तिच्या मांडीवर कुरळ्या दोऱ्याचा ढीग पडला. ती रागावली नाही. "डोळे माहे गेले, वं, हात नाही गेले," एवढेच ती बोलली.

त्या वर्षी नैवेद्याच्या परातीवर धुतलेल्या धोतराचे पान घातले. कोणी काही म्हटले नाही. मी परातीकडे पाहण्याचे टाळले.

(काठाला पडणाऱ्या त्या चुण्यांची मात्र पुढे मोठी प्रतिष्ठा झाली. डायना टायमिना या गणिताच्या विदुषीने १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम टाके वाढवीत जाऊन क्रोशाचे चुणीदार तुकडे विणले. भूमितीतला एक कठीण पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा तो सोपा मार्ग ठरला. आजीने ते तुकडे पाहिले असते तर सरळ उसवले असते.)

दिवाळी झाली आणि पुढच्या माघात आजीला शस्त्रक्रियेसाठी अमरावतीला न्यावयाचे ठरले. मोठ्या माणसांच्या बोलण्यातून माझ्या कानी आले की, या वयात डोळा येईलच असे सांगवत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी चारही कामे एका फडक्यात बांधली, पेटीत टाकली आणि पेटीची किल्ली आईच्या हाती दिली. बाहेर ठेवला तो फक्त आजीचा रुमाल.

संध्याकाळी दिवे लागले की मी आजीपाशी बसे. बाराशे खांब उसवल्याचा धाक असल्यामुळे मोजण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले. ती हातात जपमाळ घेई. मी खांब घातला की "हं" म्हणे, आणि ती एक मणी पुढे सारी. माळेत १०८ मणी. चाळिसाव्या वेढ्याला चार माळा आणि वर ४८ मणी. देवाच्या नावाऐवजी आपण खांब जपतो आहोत याचे तिला काही वाटत नसे. मध्येच ती जुन्या गोष्टी सांगे आणि मोजणी चुके. मग आम्ही दोघी मिळून तो वेढा पुन्हा मोजीत असू. माझ्या हिशेबाचे तेरा दिवस चोवीसांवर गेले. काठाच्या कमानी विणून मी दोरा कापला, तेव्हा आजी रुमालावरून कितीतरी वेळ हात फिरवीत बसली. कड कोठेही उचललेली नव्हती.

क्रोशाविषयी मी पुढे पुष्कळ वाचले. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. तेव्हा हजारो बायकांनी क्रोशाच्या लेसी विणून घरची चूल पेटती ठेवली. एका घरात गुलाब विणीत, दुसऱ्यात पाने, आणि तिसऱ्या हातांनी ती सारी जाळीत जोडली जात. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या आसपासही पिढ्यान् पिढ्या असेच चालत आले आहे. फुले करणारी निराळी, जोडणारी निराळी. चेन्नईत २०१६ साली तर कितीतरी बायकांनी घरोघरी विणलेले तुकडे जोडून ११,००० चौरस मीटरांहून मोठी चादर केली. विणकामाची यंत्रे कधीच निघाली; पण क्रोशाचे काम आजही बहुतेक हातांनीच होते. त्या नरसापूरच्या बाईला एका लेसीला किती मोल मिळते हे जेव्हा मी वाचले, तेव्हा बाजारातला रुमाल घासाघीस करून घेण्याची माझी सवय सुटली. आमची हौस निराळी आणि त्यांची भाकर निराळी. अर्धे काम पेटीत टाकण्याची चैन त्यांना परवडत नाही.

असो. माघात आजी अमरावतीला गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला कित्येक दिवस उताणे निजवून ठेवले होते. होळीच्या सुमारास ती जाड भिंगांचा चष्मा लावून परतली. त्या भिंगांमागे तिचे डोळे इतके मोठे दिसत की आत्याचे बाळ घाबरून रडू लागले. हातपाय धुऊन झाल्यावर तिने आधी काय मागितले असेल? रुमाल. खिडकीपाशी नेऊन तिने तो उजेडात धरला. मी शेजारी उभी होते. ती माझ्या कमानींचे कौतुक करील, अशी माझी खात्री होती. तिने मधून काठाकडे बोट सरकवीत नेले आणि ते विसाव्या वेढ्यावर थांबविले.

"हे पाय, इथून तुहा हात लागला."

मी पाहिले. तोवर ते माझ्याही दृष्टीस पडले नव्हते. आजीचा हात घट्ट, तिचे खांब ठेंगणे आणि भरीव. माझा हात सैल, माझे खांब उंच आणि विरळ. गुंडाही नवा होता, आणि त्याची पांढरी छटा जुन्याशी पुरती जुळत नव्हती. विसाव्या आणि एकविसाव्या वेढ्यांच्या मध्ये झाडाच्या खोडावरल्या कलमाच्या सांध्यासारखी एक रेषा उमटली होती.

"उसवू का, आजी?" मी विचारले. तेव्हा मी खरोखरच उसवले असते.

"कायले?" आजी म्हणाली. "दोघीचे हात हायेत त दोन दिसतीनच ना!" आणि रुमालाची घडी करून तिने तो देवघराच्या फळीवर ठेवला.

आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. महालक्ष्म्यांच्या परातीवर आजही तोच रुमाल पडतो. त्याच्यावर तुपाचा एक डाग आहे. तो धुऊन जात नाही. विसाव्या वेढ्यावरची रेषा धुण्याने पुसट होईल असे मला वाटले होते, पण ती उलट अधिकच उठून दिसते. घरातल्या लहान मुली ती मोजून शोधतात.

पेटीतली कामे मात्र तशीच आहेत. गळपट्टी प्रदर्शनापुरती कशीबशी पुरी केली होती. ती कोणी वापरली नाही. तोरणाला पुढे आणखी दोन पाने झाली. रेडिओचे झाकण अर्धे आहे, आणि तो रेडिओ कधीच मोडीत गेला. त्यांच्या सोबतीला पुढच्या वर्षांत आणखीही काही आली. ती किती, हे मी येथे सांगणार नाही. गेल्या उन्हाळ्यात पेटी उघडली, तेव्हा झाकणाच्या फासातली सेफ्टी पिन गंजलेली दिसली. गंज दोऱ्यावर उतरून तेथे तांबूस ठिपका पडला होता. मी ती पिन जपून काढली. फास सुटू नये म्हणून तो बोटाने क्षणभर धरून ठेवला, सुई कोठे आहे ते आठवून पाहिले, आणि मग कोनाड्यातून आजीची जपमाळ काढून खिडकीपाशी बसले.